समुद्राच्या पोटातले भोवरे मॉडेलला खरंच दिसतात का?

मे महिना आला, अरबी समुद्रात नाहीतर बंगालच्या उपसागरात कुठे कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं, की व्हॉट्सअ‍ॅपवर लाल-पिवळे-निळे नकाशे फिरायला लागतात. इथे समुद्र इतका तापलाय, तिथे शंभर मीटरखाली पाणी गार आहे, अमुक ठिकाणी प्रवाह गोल फिरतोय वगैरे. नकाशे दिसतात इतके सुबक की बघणाऱ्याला वाटतं कोणीतरी वरून फोटोच काढलाय. आता पृष्ठभागाचा नकाशा असेल तर हा समज बऱ्यापैकी चालून जातो, पण शंभर, तीनशे, हजार मीटर खालचा नकाशा असेल तर मात्र थांबायला हवं, कारण तिथपर्यंत कुठल्याच सॅटेलाइटची नजर पोचत नाही. सॅटेलाइट वापरतात त्या रेडिओलहरी खाऱ्या पाण्यात काही सेंटिमीटरच्या पुढे जातच नाहीत म्हटलं तरी चालेल, आणि इन्फ्रारेड तर पाण्याच्या अगदी वरच्या सायीइतकंच बघतं.

मग तो खालचा नकाशा येतो कुठून? तर कॉम्प्युटरमध्ये समुद्राचं एक गणिती मॉडेल चालू असतं आणि त्यात मधूनमधून खरी मोजमापं घालून त्याला दुरुस्त करत राहतात. या दुरुस्तीला डेटा असिमिलेशन म्हणतात. यापुढे नुसतं असिमिलेशन म्हणू. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो: असिमिलेशनमुळे समुद्राचे नकाशे प्रचंड सुधारले यात वाद नाही, पण जे भोवरे पाण्याच्या पोटात दडलेले असतात त्यांच्या बाबतीत ही दुरुस्ती कधी कमी पडते आणि कधी चक्क उलटी बसते. का ते बघू.

आधी भोवरा समजून घेऊ

नदीत पुलाच्या खांबामागे दिसतो तो भोवरा डोळ्यासमोर आणू नका. समुद्रातला इथे अभिप्रेत असलेला भोवरा ५० ते २०० किलोमीटर रुंद असतो, म्हणजे मोठ्यातल्या मोठ्यात अख्खा पुणे जिल्हा आरामात बसेल, आणि तो आठवडे, कधी कित्येक महिने फिरत राहतो. बोटीतून जाणाऱ्याला तो कळतही नाही.

आपल्या म्हणजे उत्तर गोलार्धात जो भोवरा घड्याळाच्या दिशेने फिरतो त्याच्या मध्यभागी पाण्याची पातळी किंचित फुगलेली असते आणि खाली गरम पाण्याचा थर जाड होतो. उलट दिशेने फिरणाऱ्यात मध्यभागी पातळी किंचित दबलेली आणि खालचं गार पाणी वर उचललेलं. किंचित म्हणजे किती, तर १०-२० सेंटिमीटर, तेही शंभर किलोमीटरच्या अंतरात.

आता खरी गंमत. समुद्रात वरचं गरम पाणी आणि खालचं गार पाणी यांच्या मध्ये एक पट्टा असतो जिथे तापमान भराभर उतरतं, त्याला थर्मोक्लाइन म्हणतात. आपल्याकडच्या समुद्रात तो साधारण शंभर मीटरच्या आसपास सापडतो, ऋतूप्रमाणे आणि जागेप्रमाणे खालीवर होतो. गरम आणि गार पाण्याच्या घनतेत फरक अगदी थोडा असल्यामुळे पृष्ठभाग १० सेंटिमीटर वर गेला तर थर्मोक्लाइन ढोबळमानाने २०-३० मीटर खाली जातो. वर बोटभर हालचाल, खाली सात-आठ मजली इमारतीएवढी. सॅटेलाइटवरचे अल्टिमीटर, म्हणजे रडारने समुद्राची उंची मोजणारी यंत्रं, हीच बोटभर हालचाल टिपतात. १९९२ साली टोपेक्स-पोसायडन हा सॅटेलाइट गेला तेव्हापासून हे काम सलग चालू आहे, भारत-फ्रान्सचा सरल २५ फेब्रुवारी २०१३ ला श्रीहरिकोट्याहून गेला तोही याच कामाचा.

आणि जे वर दिसतच नाहीत ते

बंगालच्या उपसागराचं उदाहरण घ्या, कारण हे काम आपल्या गोव्याच्या दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचं आहे, जिला सगळे एनआयओ म्हणतात. तिथल्या शास्त्रज्ञांनी १९९१ सालीच उपसागरातल्या एका पृष्ठभागाखालच्या भोवऱ्याचं वर्णन छापलं होतं. पुढे २००१ च्या पावसाळ्यात उपसागरात मोहीम झाली आणि ऐन जुलै-ऑगस्टमध्ये गार पोटाचे भोवरे सापडले. त्यातला मुद्दा असा की गंगा, ब्रह्मपुत्रा, इरावती, महानदी, गोदावरी एवढ्या सगळ्या नद्यांचं गोडं पाणी पावसाळ्यात उपसागरावर पसरतं, ते हलकं असतं म्हणून वरच तरंगत राहतं, आणि वारा कितीही सुटला तरी ते खालच्या खाऱ्या पाण्यात सहज मिसळत नाही. त्यामुळे भोवऱ्याने खालचं गार, खतावलेलं पाणी वर उचललं खरं, पण ते या गोड्या झाकणाखालीच अडकलं. तापमान मोजणाऱ्या सॅटेलाइटला वर नेहमीसारखंच गरम पाणी दिसलं. पाण्याचा हिरवेपणा बघणाऱ्यालाही फारसं काही नाही. खाली मात्र सूक्ष्म वनस्पतींची चंगळ चालू होती. हे पुढे २००४ मध्ये छापून आलं.

तरी हा प्रकार त्यातल्या त्यात सोपा, कारण तापमानात लपलेला असा भोवरा पातळीच्या उंचीत सापडू शकतो. खरे बिलंदर वेगळेच.

जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीतून भूमध्य समुद्राचं गरम आणि प्रचंड खारट पाणी अटलांटिकमध्ये उतरतं, जड असल्यामुळे घसरत घसरत साधारण हजार मीटरवर जाऊन थबकतं, आणि तिथे त्याचे भिंगाच्या आकाराचे गोळे सुटून फिरायला लागतात. त्यांना मेडी म्हणतात. रुंदी ४० ते १०० किलोमीटर, जाडी काहीशे मीटर. शॅरन नावाच्या एका मेडीचा १९८४ ते १९८६ अशी जवळपास दोन वर्षं पाठलाग केला गेला, पाण्याखाली आवाजावरून माग काढता येणारे तरंगक त्याच्या पोटात सोडून. दोन वर्षं! आणि जहाजाच्या डेकवर उभ्या माणसाला यातलं काहीच दिसलं नसतं.

आपल्या अरबी समुद्रातही हेच दोन दारांतून होतं. होर्मुझमधून इराणच्या आखाताचं खारट पाणी येतं आणि २००-३०० मीटरच्या आसपास पसरतं, बाब-एल-मंदेबमधून तांबड्या समुद्राचं येतं आणि त्याहून बरंच खोल, सहाशे मीटरच्या खाली जातं. या पाण्याचेही गोळे भोवऱ्यांबरोबर भटकताना सापडलेत, विशेषकरून ओमान आणि एडनच्या आखातांच्या बाजूला.

भिंगाची रचना नीट बघा, पुढचं सगळं यावरच उभं आहे. गोळा मध्ये जाड, कडेला पातळ. त्यामुळे गोळ्याच्या वरचे पाण्याचे थर वर उचलले जातात आणि खालचे थर खाली दाबले जातात. एकाचा परिणाम दुसरा जवळजवळ खोडून टाकतो, आणि पृष्ठभागावर उरतो तो काही सेंटिमीटरचा फुगवटा, कधी तेवढाही नाही.

असिमिलेशन करतं काय

एक्सप्रेसवेने जाताना गाडी भातणच्या बोगद्यात शिरली की जीपीएस जातं, तरी फोनवरचा निळा ठिपका पुढे सरकत राहतो. आधीचा वेग आणि रस्ता यावरून फोन अंदाज बांधतो. बाहेर पडलात की सिग्नल मिळतो आणि ठिपका टुणकन योग्य जागी येतो. समुद्राचं मॉडेल तसंच आहे, त्याला पाण्याचे नियम माहीत असतात, वारा, ऊन, नद्या यांची आकडेवारी दिली की ते आजच्या समुद्रावरून उद्याचा समुद्र काढतं, पण समुद्र बेभरवशाचा असल्यामुळे आज केसाएवढी चूक असेल तर काही आठवड्यांत भोवरा भलत्याच ठिकाणी दिसायला लागतो. म्हणून दर थोड्या दिवसांनी मोजमापं घेऊन ठिपका परत जागेवर आणायचा.

फक्त मोजमाप आलं की मॉडेल डोळे झाकून ते मानत नाही. मोजमापातही चूक असते, मॉडेलातही असते, तर कोणाची चूक किती असेल याचा अंदाज घेऊन दोघांच्या मध्ये कुठेतरी तडजोड करायची. या तडजोडीचं एक गाजलेलं गणित रुडॉल्फ कालमन यांनी १९६० साली मांडलं, ते चंद्रावर जाणाऱ्या अपोलो यानांना वाट दाखवायलाही वापरलं गेलं. समुद्रात अडचण अशी की अपोलोच्या बाबतीत जागा आणि वेग असे मोजके आकडे सांभाळायचे होते, इथे मॉडेल अख्खा समुद्र लहान लहान चौकोनांत वाटून घेतं, आणि अशा कोट्यवधी चौकोनांतलं तापमान, क्षारता, प्रवाह सगळंच सांभाळायचं.

पण सॅटेलाइट वरून बघतो, दुरुस्ती खाली कशी पोचते?

पुण्यात किंवा मुंबईत गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला हा छळ माहिती आहे: तुम्ही फ्लायओव्हरच्या खालून चाललाय आणि फोन म्हणतोय तुम्ही फ्लायओव्हरवर आहात, आता सरळ जा. वरून बघितलं तर दोन्ही जागा एकच. मग फोन अंदाज करतो की बहुतेक गाड्या वरून जातात, तर हाही वरच असेल. बहुतेक वेळा बरोबर येतं म्हणून आपण चालवून घेतो.

अल्टिमीटरच्या बाबतीत मॉडेलला नेमकं हेच करावं लागतं. हातात आकडा एकच, इथे पातळी इतके सेंटिमीटर वर आहे. ती वर का आहे, शंभर मीटरवर काही झालंय म्हणून की हजार मीटरवर, हे त्या आकड्यात लिहिलेलं नसतं. तेव्हा एखादा नियम लावून दुरुस्ती खाली उतरवायची. १९९६ मध्ये कूपर आणि हेन्स यांनी सुचवलेली पद्धत फार सुटसुटीत होती: पातळी वर असेल तर पाण्याचा अख्खा खांब तेवढ्या हिशेबाने खाली सरकवायचा, म्हणजे समुद्राच्या तळावरचा दाब बदलत नाही आणि पाण्याचे गुणधर्मही शाबूत राहतात. दुसरा मार्ग म्हणजे जुन्या मोजमापांतून काढलेली सरासरी नाती वापरायची, इतके सेंटिमीटर वर तर इतक्या खोलीवर साधारण इतकं तापमान. दोन्ही पद्धती साध्या, वरवरच्या भोवऱ्यांना मस्त लागू पडतात. आणि असे भोवरे भरपूर असल्यामुळे एकूण नकाशा सुधारतो.

आता भिंगवाला गोळा आणा मध्ये. समजा ओमानच्या पुढे ३०० मीटरवर खारट पाण्याचा एक गोळा घड्याळाच्या दिशेने फिरतोय, आणि मॉडेलला त्याचा पत्ताच नाही. वरून सॅटेलाइट गेला, त्याने ४ सेंटिमीटरचा फुगवटा नोंदवला. नियम म्हणतो, पातळी वर म्हणजे थर्मोक्लाइन खाली, ढकला साधारण दहा मीटर. मॉडेल ढकलतं. शंभर मीटरवर पाणी आता नेहमीपेक्षा गरम झालं. प्रत्यक्षात काय आहे? गोळ्याने वरचे थर उचललेत, म्हणजे शंभर मीटरवर पाणी नेहमीपेक्षा गार आहे. दुरुस्ती झाली, आकडे जुळले, पृष्ठभागाची पातळी अगदी सॅटेलाइटसारखी, आणि खाली चिन्हच उलटं. दुरुस्ती केली नसती तर चूक निदान लहान तरी होती!

हे नेहमी घडतं असं मी म्हणत नाही. पण नियम एकच आणि भोवरे दोन जातीचे असले की कुठल्यातरी जातीवर अन्याय होणार, आणि तो दडलेल्यांवर होतो.

"अहो पण समुद्रात ते फ्लोट सोडलेत ना?"

सोडलेत, आणि ही समुद्रविज्ञानातली गेल्या पंचवीसेक वर्षांतली माझ्या मते सगळ्यात भारी गोष्ट आहे. आर्गो नावाच्या आंतरराष्ट्रीय कार्यक्रमात जगभर साधारण ४,००० फ्लोट तरंगतायत. एकेक फ्लोट हजार मीटरवर वाहत राहतो, दर दहा दिवसांनी २,००० मीटरपर्यंत बुडी मारतो, वर येताना तापमान आणि क्षारता मोजत येतो, पृष्ठभागावर आला की सॅटेलाइटला आकडे पाठवतो आणि पुन्हा खाली. हिंदी महासागरात भारताचेही फ्लोट आहेत, हैदराबादची इन्कॉइस ही संस्था ते काम बघते. हे थेट खाली जाऊन मोजणारे आहेत, म्हणजे फ्लायओव्हरच्या खाली उभं राहून सांगणारा माणूस.

पण हिशेब करा. जगातले समुद्र ३६ कोटी चौरस किलोमीटर, भागिले ४,०००, म्हणजे एका फ्लोटच्या वाट्याला ९०,००० चौरस किलोमीटर. महाराष्ट्राचं क्षेत्रफळ आहे तीन लाख आठ हजारांच्या आसपास. अख्ख्या महाराष्ट्राला साडेतीन थर्मामीटर, तेही दहा दिवसांतून एकदा बोलणारे. ५० किलोमीटर रुंद गोळा जेमतेम २,००० चौरस किलोमीटरचा, म्हणजे कुठल्याही एका वेळी त्याच्यात फ्लोट सापडण्याची शक्यता शंभरात दोन.

आणि सापडला तरी पुढे काय होतं ते बघण्यासारखं आहे. फ्लोटने सांगितलं की ३०० मीटरवर पाणी खूप खारट आहे. मॉडेलने ही बातमी किती दूरपर्यंत पसरवायची? एकाच चौकोनात ठेवली तर तिथे काटा उभा राहिल्यासारखं होतं आणि मॉडेल लगेच ते पुसून टाकतं. म्हणून शंभर-दीडशे किलोमीटरच्या वर्तुळात, कडेला कमी कमी होत जाईल अशी पसरवतात. ५० किलोमीटरचा टणक गोळा होता, मॉडेलात त्याचा पसरट, बिनकडेचा फुगा झाला. त्यात पुन्हा तापमान-क्षारतेची दुरुस्ती केली आणि प्रवाहाची तिला साजेशी केली नाही तर पाणी आहे पण फिरत नाही अशी अवस्था, ते काही दिवसांत विरून जातं. दहा दिवसांनी तोच फ्लोट वर येतो तेव्हा तो गोळ्यातून बाहेर निसटलेला असतो, सांगतो इथे काही खास नाही, आणि मॉडेल उरलासुरला गोळाही पुसतं.

मॉडेलचे चौकोन किती मोठे हाही प्रश्न आहेच. पाव अंशाचं मॉडेल असेल तर आपल्याकडे एक चौकोन २७ किलोमीटरचा, असा गोळा दोन चौकोनांत संपला. हल्लीची जागतिक मॉडेलं अंशाच्या बाराव्या भागाची, म्हणजे ९ किलोमीटरची असतात, त्यात पाच-सहा चौकोन मिळतात, ठीकठाक. खोलीतले थर मात्र खाली जाईल तसे जाड होत जातात, हजार मीटरवर एकेक थर शंभर-शंभर मीटरचा, तिथे भिंगाची कड कशी उमटणार?

मग असिमिलेशन न केलेलंच बरं का?

हा प्रश्न दिसतो तितका येडा नाही. मोजमापं न घालता मॉडेल मोकळं सोडलं तर त्याच्यात आपोआप भोवरे तयार होतात, दडलेलेही होतात, मॉडेल पुरेसं बारीक असेल आणि सामुद्रधुनीतून येणारं खारट पाणी नीट उतरत असेल तर त्यांची संख्या, आकार, आयुष्य बऱ्यापैकी खऱ्यासारखं येतं. फक्त जागा चुकीची. खरा गोळा मस्कतसमोर आणि मॉडेलातला दोनशे किलोमीटर पलीकडे.

असिमिलेशन घातलं की जे वरून दिसतात ते जागेवर येतात, हा फायदा एवढा मोठा आहे की उद्याचा अंदाज द्यायचा असेल तर त्याशिवाय गत्यंतर नाही. पण प्रत्येक दुरुस्ती म्हणजे मॉडेलला एक छोटा धक्का असतो, त्यातून नको त्या लाटा उठतात, वेगवेगळ्या जातीचं पाणी थोडं थोडं एकमेकांत कालवलं जातं, आणि दोन-दोन वर्षं स्वतःचं पाणी जपून ठेवणारे गोळे दर आठवड्याच्या या कालवाकालवीत झिजतात. म्हणजे मोकळ्या मॉडेलात दडलेल्या भोवऱ्यांचा स्वभाव बरा, पत्ता चूक, आणि असिमिलेशनवाल्यात वरच्यांचा पत्ता बरोबर पण दडलेल्यांचा स्वभाव बिघडलेला. तुम्हाला हवामानाचा दीर्घ अभ्यास करायचा असेल तर पहिलं चालेल, उद्या जहाज पाठवायचं असेल तर दुसरंच लागेल.

यावर उपाय शोधणारे स्वस्थ बसलेले नाहीत. सगळ्यात आश्वासक वाटणारा मार्ग म्हणजे एन्सेम्बल, १९९४ मध्ये गेइर एव्हेन्सन यांनी कालमनचं गणित यासाठी वळवलं. एकच मॉडेल चालवण्याऐवजी थोडा थोडा फरक केलेली कित्येक मॉडेलं एकदम चालवायची, आणि आज, या जागी, वरची पातळी आणि खालचं तापमान यांचं नातं काय आहे ते या गर्दीलाच विचारायचं. पुस्तकातला सरासरी नियम लावायचा नाही. इन्कॉइसची हिंदी महासागरासाठीची एक यंत्रणा याच घराण्यातली पद्धत वापरते. गर्दीतल्या बऱ्याच मॉडेलांत गोळा असेल तर पातळी वर म्हणजे वरचे थर उचललेले हे नातं तिला दिसेल आणि दुरुस्ती योग्य दिशेने जाईल. पण गोळा कोणाच्याच पोटात नसेल तर गर्दीला विचारून उपयोग नाही, तिला माहीतच नाही.

दुसरी एक साधी पण हुशार युक्ती म्हणजे दोन सॅटेलाइटच्या साक्षी जुळवून बघायच्या. पातळी फुगलेली आणि पाणीही गरम असेल तर भोवरा वरचा. पातळी फुगलेली पण पाणी आसपासच्यापेक्षा गार, तर संशय घ्यायला जागा आहे, खाली गोळा असून त्याने वरचे थर उचलले असतील. बंगालच्या उपसागरात गोड्या झाकणामुळे ही युक्ती पावसाळ्यात लंगडी पडते, हे वेगळं सांगायला नको.

नवे सॅटेलाइट आणि एआय हे सोडवतील की

थोडं सोडवतील. डिसेंबर २०२२ मध्ये गेलेला स्वॉट हा सॅटेलाइट पाहा. जुने अल्टिमीटर पायाखालची एक बारीक रेघ मोजायचे, आणि टोपेक्स-पोसायडननंतर आलेल्या जेसन मालिकेतल्या सॅटेलाइटच्या दोन रेघांमध्ये विषुववृत्तापाशी ३०० किलोमीटरहून जास्त अंतर असायचं. स्वॉट दोन्ही बाजूंना ५०-५० किलोमीटरचे पट्टे मोजतो. पृष्ठभागाचं चित्र त्यामुळे कमालीचं बारीक झालंय. पण चित्र पृष्ठभागाचंच. फ्लायओव्हरचा फोटो कितीही चकाचक काढला तरी खालची गाडी त्यात येत नाही.

एआयचं विचाराल तर समुद्राचा अंदाज देणारी बहुतेक एआय मॉडेलं शिकतात कशावर? तर रीअ‍ॅनालिसिसवर, म्हणजे असिमिलेशन लावून मागच्या तीसेक वर्षांचा जो समुद्र पुन्हा रचलेला आहे त्याच्यावर. त्यातले दडलेले भोवरे आधीच झिजलेले असतील तर विद्यार्थी तेच शिकणार, आणि वर आत्मविश्वासाने सांगणार. वेगाच्या बाबतीत एआयला तोड नाही हे मान्यच.

फ्लोट वाढवा हे उत्तर सगळ्यात सरळ, पण एकेका फ्लोटची किंमत २०,००० डॉलरच्या घरात, सोडायला जहाज लागतं ते वेगळं, आणि बॅटरी संपली की तो समुद्रालाच अर्पण. पाण्याखाली पंख लावून सरकणारे ग्लायडर गोळ्याच्या आरपार नेता येतात, पण त्यासाठी गोळा कुठे आहे ते आधी कळायला हवं!

आपल्याला काय त्याचं?

चक्रीवादळ समुद्राचं वरचं पाणी घुसळतं, कधी पन्नास तर कधी शंभर मीटरपर्यंत. खालून गार पाणी वर आलं तर वादळाची गरम पाण्याची रसद तुटते. गरम पाण्याचा थर जाड असेल तर घुसळूनही गरमच पाणी वर येतं आणि वादळ फोफावतं. २००५ मध्ये कतरिना हे वादळ मेक्सिकोच्या आखातातल्या लूप करंट नावाच्या प्रवाहाच्या खोलवर गरम असलेल्या पाण्यावरून गेलं आणि २८ ऑगस्टला पाचव्या श्रेणीला पोचलं, हे आता पाठ्यपुस्तकातलं उदाहरण झालंय. म्हणजे शंभर मीटरवर चिन्ह उलटं बसलं तर तो नुसता शास्त्रज्ञांच्या भांडणाचा विषय राहत नाही. हजार मीटरवरच्या मेडीचा वादळाशी संबंध नाही हेही खरं, तेव्हा प्रत्येक दडलेला भोवरा वादळवाला समजून घाबरायचं कारण नाही. वादळाला मतलब वरच्या शंभर-दीडशे मीटरशी.

मासेमारीचं बघा. इन्कॉइस मच्छीमारांना मासे कुठे मिळण्याची शक्यता आहे त्याच्या सूचना देते, रत्नागिरी-मालवणपर्यंत त्या पोचतात. त्या मुख्यतः सॅटेलाइटने मोजलेल्या पृष्ठभागाच्या तापमानावर आणि हिरवेपणावर बेतलेल्या असतात. झाकणाखाली भरलेलं ताट त्यात येत नाही.

नौदलाला तर याचं फारच महत्त्व. पाणी एक अंशाने तापलं तर त्यात आवाजाचा वेग सेकंदाला साधारण तीन मीटरने वाढतो, आणि वेग बदलला की आवाज वाकतो. पाणबुडी शोधणाऱ्याचा सोनार, म्हणजे आवाजावरून माग काढणारं यंत्र, भोवऱ्याच्या कडेवर भलतीकडेच ऐकायला लागतो, लपणाऱ्याला ती जागा आवडते.

नकाशा चांगला की वाईट हे ठरवतात कसं

इथे एक पळवाट आहे ती लक्षात ठेवा. जे मोजमाप मॉडेलात घातलं त्याच्याशीच मॉडेल जुळवून बघितलं तर ते जुळणारच, त्यात कौतुक काय! म्हणून प्रामाणिक तपासणी म्हणजे काही फ्लोट मुद्दाम बाजूला ठेवायचे, मॉडेलला दाखवायचे नाहीत, आणि मग त्यांच्याशी तुलना करायची. नाहीतर पुढच्या आठवड्यात येणाऱ्या मोजमापांची वाट बघायची.

पण यातही खोच आहे. अख्ख्या अरबी समुद्राची सरासरी चूक काढली तर दडलेले गोळे त्या सरासरीत बुडून जातात, इतकी कमी जागा ते व्यापतात. शिवाय ज्या मॉडेलाने गोळा दाखवला पण साठ किलोमीटर सरकून दाखवला त्याला दोनदा मार बसतो, एकदा नसलेल्या जागी दाखवला म्हणून आणि एकदा असलेल्या जागी नाही दाखवला म्हणून. ज्याने गोळा दाखवलाच नाही, सगळं गुळगुळीत ठेवलं, त्याला एकदाच मार. मग परीक्षेत गुळगुळीत मॉडेल वर येतं! त्यामुळे असिमिलेशनने चूक अमुक टक्क्यांनी घटली असं कुठे वाचलंत तर ती सरासरी कुठली, किती खोलीवरची, आणि कशाशी ताडून काढलेली, हे तीन प्रश्न विचारायला हवेत.

हे घरबसल्या ताडूनही बघता येतं, कारण आर्गोची आकडेवारी सगळ्यांना फुकट खुली आहे आणि फ्लोट वर आल्यावर बहुतेक वेळा २४ तासांच्या आत ती इंटरनेटवर येते. कुठलाही खोल पाण्याचा नकाशा हातात आला की त्या भागात गेल्या दहा दिवसांत किती फ्लोट वर आले ते ठिपके शेजारी उघडून ठेवायचे. ठिपका जवळ असेल तर मॉडेलचा आकडा आणि फ्लोटचा आकडा एकाच खोलीवर लावून बघायचा. शेपाचशे किलोमीटरमध्ये एकही ठिपका नसेल आणि तरी नकाशात ३०० मीटरवर रेखीव गोल भोवरा काढलेला असेल, तर तो बहुतेक वरून सेंटिमीटर मोजून खाली उतरवलेला आहे, आणि असलाच तर मोठा, वरपासून खालपर्यंतचा असेल. लहान, एकट्या गोळ्यांसाठी सध्या तरी फ्लोट नाहीतर जहाज त्यांच्यावर धडकण्याची वाट बघावी लागते.